वळणदार छताची पाठ

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली आणि शाहू महाराजांनी १९१५ साली रसिकांच्या हवाली केलेलं जुनं पॅलेस थिएटर डोळ्यांदेखत जळालं. दुसरा दिवस केशवरावांच्या जयंतीचा होता. तेव्हापासून कुठल्याही सभागृहात शिरलं की आम्हा कोल्हापूरकरांची नजर आधी वर जाते. वर काय आहे? कशाचं आहे? कशाला टांगलंय?

हे प्रश्न विचारायलाच हवेत. आजच्या बहुतेक मोठ्या सभागृहांत, विमानतळांवर, मोठ्या ग्रंथालयांत डोक्यावर जे पांढरं, लाटांसारखं वळणदार छत दिसतं ते इमारतीचं खरं छप्पर नसतंच. खरं छप्पर, म्हणजे स्लॅब किंवा लोखंडी कैच्यांवरचा (छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्यांवरचा) पत्रा, त्याच्या दोन-तीन मीटर वर असतो. खालून दिसतं ते प्लास्टरचं पातळ कवच. बरेचदा त्याची जाडी बोटाएवढीही नसते. ते शेकडो सळ्यांनी वरच्या सांगाड्याला लटकवलेलं असतं. उद्घाटनाच्या दिवशी सगळे त्याची खालची बाजू बघतात, फोटो काढतात. पण ते छत किती वर्षं टिकणार आणि किती सुरक्षित राहणार, हे वरच्या, कधीच न दिसणाऱ्या बाजूवर ठरतं. म्हणून छत कसं घडतं आणि कसं चढतं ते या लेखात पाठीकडून समजून घेऊ.

वळण कशासाठी?

शोभेसाठी, हे एक उत्तर झालं. पण नाट्यगृहात वळणाचं मुख्य काम आवाजाचं असतं. नटाच्या तोंडून निघालेला आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचता पोचता क्षीण होतो. छताचा योग्य कोनात वळवलेला भाग तोच आवाज परावर्तित करून मागच्या प्रेक्षकांकडे पाठवतो. थेट आलेला आवाज आणि छतावरून आलेला आवाज यांत साधारण ५० मिलिसेकंदांपेक्षा कमी अंतर असलं, तर कान दोन्ही एकत्र धरतो आणि शब्द भरदार वाटतो. अंतर त्याहून वाढलं की शब्द शब्दावर चढतो. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे ५० मिलिसेकंदांत १७ मीटर. छतावरून येणाऱ्या आवाजाची वाट थेट वाटेपेक्षा १७ मीटरहून लांब होऊ द्यायची नाही, हा छताची उंची आणि कोन ठरवतानाचा पहिला हिशेब.

वळण उलटं पडलं तर मात्र घात होतो. खालून पाहताना आत गेलेलं, घुमटासारखं अंतर्वक्र छत आवाज एका जागी गोळा करतं. विजापूरच्या गोल घुमटात टाळी वाजवून पाहिलेली माणसं कोल्हापुरात घरोघर सापडतील. तिथे सुमारे ३८ मीटर व्यासाचा घुमट एक टाळी कितीतरी वेळा परत करतो. ऐकायला मौज वाटते, पण तिथे नाट्यपद गायला बसलात तर दुसऱ्या ओळीलाच गोंधळ उडेल. लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलचं हेच दुखणं होतं. १८७१ साली उघडलेल्या त्या सभागृहातला प्रतिध्वनी आटोक्यात आणायला १९६९ साली घुमटाखाली फायबरग्लासच्या मोठ्या तबकड्या टांगाव्या लागल्या. म्हणून ढोबळ नियम असा की अंतर्वक्र छताची त्रिज्या सभागृहाच्या उंचीच्या आसपास ठेवायची नाही. ती उंचीच्या निम्म्याहून कमी तरी हवी किंवा दुपटीहून जास्त तरी. खाली फुगलेली, बहिर्वक्र वळणं आवाज पसरवतात, त्यामुळे ती जास्त भरवशाची. आधुनिक नाट्यगृहांत छत एकापुढे एक खाली फुगलेल्या लाटांचं दिसतं, त्याचं कारण हे आहे.

पावडर आणि पाणी

आपण ज्याला सरसकट पीओपी (प्लास्टर ऑफ पॅरिस) म्हणतो ते जिप्समपासून होतं. भारतातलं खाणीचं जिप्सम मुख्यतः राजस्थानातून येतं. जिप्सम हे कॅल्शियम सल्फेट, आणि त्याच्या स्फटिकांत वजनाच्या सुमारे २१ टक्के पाणी कोंडलेलं असतं. ते १२० ते १८० अंशांच्या दरम्यान भाजलं की त्यातलं पाऊण पाणी निघून जातं आणि पांढरी पावडर उरते. या पावडरीत पाणी घातलं की ती गेलेलं पाणी परत घेते आणि पुन्हा जिप्सम होते. होताना सुईसारखे स्फटिक तयार होतात, ते एकमेकांत अडकतात आणि माल घट्ट होतो. चुन्याचं तसं नाही. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांचा, मंदिरांचा चुना घाणीत, म्हणजे दगडी चाकाखाली, मळून, गूळ-हिरडा-बेलफळाचं पाणी घालून लावायचे. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत महिनोन् महिने मुरत घट्ट होतो. जिप्समला अर्धा तास पुरतो. साच्यात ओतून एकाच दिवसात अनेक तुकडे काढता येतात, ते या घाईमुळेच.

आगीच्या दृष्टीने या कोंडलेल्या पाण्याला फार महत्त्व आहे. जिप्सम तापलं की आधी ते पाणी वाफ होऊन निघतं, आणि ते पूर्ण निघेपर्यंत प्लास्टरची मागची बाजू १०० अंशांच्या आसपासच राहते. २० किलोच्या तुकड्यात चार किलो पाणी असतं. म्हणजे आग आणि वरच्या कैच्या यांच्यामध्ये काही मोलाची मिनिटं मिळतात. पण हे संरक्षण छत सलग असेल तरच. दिव्यांसाठी, एसीच्या जाळ्यांसाठी पाडलेली भोकं नीट बंद केली नाहीत, किंवा पाठीमागे जुन्या वायरी, लाकडी पट्ट्या आणि फोम कोंबून ठेवला, तर आग छताच्या पोटात शिरते आणि खालच्या माणसांना कळायच्या आत वर पसरते. छताचा माल जळत नाही म्हणून छत सुरक्षित, असं म्हणणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही. पाठीमागे काय काय आहे ते आधी दाखवा.

सपाट बोर्ड कुठपर्यंत पुरतो?

वळणं दोन जातींची असतात, आणि खर्चाचा सगळा फरक इथे पडतो. एकाच दिशेने वाकलेलं छत, म्हणजे कमान किंवा नळीचा अर्धा भाग, तयार जिप्सम बोर्ड वाकवून करता येतं. सहा मिलिमीटरचा पातळ बोर्ड ओलसर करून, वाकवलेल्या चॅनलवर (पत्र्याच्या घडीव पट्ट्यांवर) हळूहळू बसवत दोन थर चढवले की काम भागतं. नेहमीच्या फॉल्स सीलिंगवाल्या मिस्त्रीलाही ते जमतं.

दोन्ही दिशांनी वाकलेलं छत वेगळं. घुमट, खोगीर, लाट विरत जाते तो भाग हे सगळं या जातीत येतं. देवळाबाहेरचा दुकानदार नारळ वर्तमानपत्रात गुंडाळून देतो तेव्हा कागदाला सुरकुत्या पडतातच. कितीही सफाईने गुंडाळा. सपाट पत्र्याचं, कागदाचं किंवा बोर्डाचं दुहेरी वळण ताणल्याशिवाय, कापल्याशिवाय होत नाही. गाउस या जर्मन गणितज्ञाने १८२७ साली हे गणिताने सिद्ध केलं. म्हणून अशा छतासाठी बोर्ड कामाचा नाही. प्रत्येक तुकडा साच्यातून काढावा लागतो. छोट्या सपाट तुकड्यांचे बारीक कंगोरे जोडून वर पुट्टीने गोलाई आणण्याचा स्वस्त मार्ग काही ठिकाणी वापरतात. पुट्टी जाड झाली की तडकते, आणि बाजूने उजेड पडला की प्रत्येक कंगोरा दिसतो. सार्वजनिक इमारतीत हा मार्ग घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

साचा

खरं काम साच्यात आहे, आणि या कामाची जाण आपल्या गावात आधीपासून आहे. उद्यमनगरात पॅटर्न करणारे कारागीर पिढ्यान् पिढ्या लाकडाचे, ॲल्युमिनियमचे नमुने घडवत आले. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत त्यावर वाळूचे साचे होतात. दुसरीकडे शाहूपुरी, गंगावेस, बापट कॅम्प इथले कुंभार रबरी साच्यात पीओपी ओतून, काथ्या घालून पोकळ गणेशमूर्ती काढतात. पातळ कवच, आत धागा, निसटणारा साचा: छताच्या तुकड्यालाही नेमकं हेच लागतं.

पॅटर्नवाल्याला दोन गोष्टी सांगाव्या लागत नाहीत. एक, ड्राफ्ट. साच्याच्या उभ्या भिंती किंचित उतरत्या ठेवल्या नाहीत तर माल अडकतो आणि काढताना कडा तुटते. दुसरी, मापातला फरक. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना सुमारे एक टक्का आकसतं, म्हणून पॅटर्न मुद्दाम तेवढा मोठा करतात. प्लास्टर मात्र घट्ट होताना फुगतं. साधं प्लास्टर ०.२ ते ०.३ टक्के फुगतं, म्हणजे दोन मीटरचा तुकडा साच्यात चार ते सहा मिलिमीटरनी वाढायला बघतो. एका तुकड्यात हे चालून जाईल. पण रांगेत वीस तुकडे असतील तर शेवटच्या तुकड्याला जागाच उरणार नाही. म्हणून एकतर कमी फुगणारं प्लास्टर घ्यायचं किंवा साचा तेवढा लहान काढायचा. बीडाची सवय असलेल्या हाताला हा हिशेब उलटा करावा लागतो.

पूर्वी साचा असा होत असे: लाकडी चौकटीवर मातीचा किंवा प्लास्टरचा मूळ आकार घडवायचा, पत्र्याची कापलेली फरमा-पट्टी त्यावरून फिरवून वळण एकसारखं करायचं, मग त्याचा उलटा साचा घ्यायचा. गोल कॉर्निस आणि छोट्या घुमटांसाठी ही पद्धत अजूनही उत्तम आहे. मधोमध खुंटी, तिला बांधलेली दांडी, दांडीच्या टोकाला फरमा, आणि दांडी गोल फिरवत जायचं. आता मोठ्या कामात आराखडा संगणकावर त्रिमितीत असतो. त्यातला प्रत्येक तुकडा वेगळा काढून सीएनसी, म्हणजे संगणकाच्या हुकमावर कोरणाऱ्या, यंत्रावर फोमच्या किंवा एमडीएफच्या (दाबलेल्या लाकडी भुशाच्या) ठोकळ्यात कोरतात, त्यावर कडक लेप देऊन पॉलिश करतात. चीनमधल्या ग्वांगझूच्या ऑपेरा हाउसचं, २०१० साली उघडलेल्या त्या वास्तुकार झाहा हदीद यांच्या इमारतीचं, मुख्य सभागृह अशाच साच्यांतून काढलेल्या काचतंतूंच्या जिप्सम तुकड्यांनी मढवलंय. हॅम्बुर्गच्या एल्बफिलहार्मोनीत, जी २०१७ साली सुरू झाली, साचाच वगळला. तिथे सुमारे दहा हजार जिप्सम-फायबर पाट्या थेट सीएनसीवर कोरल्या, आणि प्रत्येकीचा खडबडीत नक्षा वेगळा, कारण प्रत्येकीला आवाज वेगळ्या तऱ्हेने विखुरायचा होता.

खर्चाचं एक साधं तत्त्व आराखडा करणाऱ्याने आधीच पाळावं. एक साचा जितक्या वेळा वापरता येईल तितकं छत स्वस्त. लाट दर चार मीटरनी तशीच पुन्हा येत असेल तर दहा-बारा साच्यांत अख्खं सभागृह होतं. प्रत्येक तुकडा वेगळा असेल तर शंभर तुकड्यांना शंभर साचे. कागदावर दोन्ही रेषा सारख्याच सुंदर दिसतात.

एक तुकडा निघतो तेव्हा

कारखान्यात एक तुकडा कसा होतो ते जवळून पाहू. साचा पुसून त्याला सुटण्याचा लेप देतात. बादलीत आधी पाणी घेतात आणि पावडर वरून चाळत, पसरत टाकतात. पावडरीवर पाणी कधीच नाही, नाहीतर गुठळ्या होतात. पाण्याच्या पृष्ठभागावर कोरड्या पावडरीची छोटी बेटं दिसायला लागली की प्रमाण जमलं. मिनिटभर ती तशीच भिजू देतात, मग हवा न शिरवता ढवळतात. बादली घासून स्वच्छ असावी लागते. कडेला कालचं घट्ट झालेलं प्लास्टर चिकटून राहिलं असेल तर ते नव्या स्फटिकांना बीज पुरवतं आणि माल वेळेआधीच पकडतो. वेळ वाढवायची असेल तर चिमूटभर सायट्रिक ॲसिड, आपलं लिंबूफूल, घालतात.

पहिला थर पातळ, ब्रशने. हाच थर पुढे दिसणार असतो. त्यात बुडबुडा राहिला तर पुढे टाचणीएवढं भोक दिसतं, म्हणून ब्रश एकाच दिशेने, दाबून. हा थर ओला असतानाच काचेच्या तंतूंची चटई अंथरून त्यावर दुसरा थर. चटईतून माल वर येईपर्यंत रुळाने दाबत जायचं. तंतूंचं प्रमाण वजनाच्या साधारण पाच टक्के. प्लास्टर दाब सोसतं, पण ताण सोसत नाही; ताण तंतू घेतात. सिमेंटच्या अशाच कामाला महागडी अल्कली-रोधक काच लागते, कारण सिमेंटचा क्षार साध्या काचेला खातो. जिप्सम उदासीन असल्यामुळे साधी काच चालते. कडेला तुकडा मागे वळवून दोन-तीन इंचांची उभी पट्टी करतात, म्हणजे शेजारच्या तुकड्याशी बोल्ट मारता येतो. मागे फासळ्या बसवतात आणि त्यांत टांगण्यासाठी गॅल्व्हनाइज्ड पट्ट्या किंवा हुक रोवतात. इथे साधं लोखंड वापरलं की पुढची भानगड नक्की. सिमेंटमधलं लोखंड क्षारामुळे गंजापासून वाचतं, जिप्सममध्ये ते संरक्षण नाही. ओल लागली की गंज धरतो आणि वर्षा-दोन वर्षांत पांढऱ्या छतावर तांबूस डाग उमटतात.

दहा-पंधरा मिनिटांत पाठीवर तळहात ठेवला की ऊब लागते. स्फटिक तयार होताना उष्णता बाहेर पडते. ऊब ओसरायला लागली की तुकडा साच्यातून सोडवतात, आणि तो आपल्याच साच्याशी मिळत्या आधारावर ठेवतात. भिंतीला तिरका टेकवला तर वाळता वाळता पिळतो, आणि पिळलेला तुकडा पुढे कशानेही सरळ होत नाही.

वाळवणीत आपल्या हवेचा प्रश्न येतो. १०० किलो पावडरीला पुन्हा जिप्सम व्हायला जेमतेम १९ लिटर पाणी पुरतं. पण माल ओतता यावा म्हणून ६० ते ७० लिटर घालावं लागतं. वरचं सगळं पाणी नंतर उडून जावं लागतं आणि त्याच्या जागी सूक्ष्म छिद्रं उरतात. जास्त दाबाखाली भाजलेल्या अल्फा प्रकारच्या प्लास्टरला ३० ते ४० लिटरच पुरतात, म्हणून ते जास्त घट्ट आणि मजबूत होतं. सार्वजनिक इमारतीच्या निविदेत तेच मागावं. ओलं प्लास्टर वाळलेल्याच्या मानाने साधारण निम्मंच बळ धरतं. जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापुरात कपडे वाळत नाहीत तिथे आठ-दहा मिलिमीटरचा तुकडा दोन दिवसांत वाळेल अशी आशा करू नये. त्याला पंख्याची वाहती, कोमट हवा द्यायची. पण ४५ अंशांच्या वर नको, नाहीतर स्फटिकांतलं पाणी सुटून कडा भुसभुशीत होतात. उद्घाटनाची तारीख जवळ आली म्हणून ओले तुकडे चढवले की रंग सुटतो, बुरशी येते आणि तुकडा आपल्याच वजनाने पोट काढतो.

टांगणी

आठ मिलिमीटरचं कवच चौरस मीटरला १४-१५ किलो भरतं, फासळ्या आणि चॅनल धरून २० च्या पुढे. ६०० चौरस मीटरचं सभागृह घेतलं तर १२ टन वजन प्रेक्षकांच्या डोक्यावर लटकतंय. चांगला आवाज हवा असेल तर छत अजून जड करतात, कारण पातळ कवच आवाजातला खर्ज गिळून टाकतं. हे वजन कशावर आहे, याचा हिशेब आधी स्ट्रक्चरल इंजिनियरने द्यायचा असतो, सीलिंगच्या ठेकेदाराने नव्हे. जुन्या कैच्या फक्त पत्र्याचं आणि वाऱ्याचं ओझं धरून केलेल्या असतात.

टांगणी चुकली तर काय होतं, ते लंडनच्या अपोलो थिएटरमध्ये दिसलं. १९०१ सालचं ते थिएटर. १९ डिसेंबर २०१३ च्या संध्याकाळी प्रयोग चालू असताना छताचा मोठा भाग प्रेक्षकांवर कोसळला. ७० हून अधिक माणसं जखमी झाली. नशिबाने कोणी दगावलं नाही. त्या काळातली छतं प्लास्टरमध्ये तरट आणि लाकडी पट्ट्या घालून केलेली असत. ही रीत देसाशी या फ्रेंच माणसाने १८५६ साली लंडनमध्ये पेटंट करून रुळवली. टांगण्यासाठीही प्लास्टरमध्ये बुडवलेल्या तरटाचे पीळ वरच्या लाकडाला गुंडाळत. शंभर वर्षांत ते तरट कुजलं. समोरची नक्षी शाबूत होती, रंगही शाबूत होता. खालून पाहणाऱ्याला काही कळायला मार्गच नव्हता. आपल्याकडचं काथ्या आणि पीओपीचं काम याच कुळातलं आहे. घरच्या हॉलला ते चालेल. पाचशे माणसं बसतात तिथे टांगणीला काथ्या, तरट किंवा साधी तार नको. आटे असलेले गॅल्व्हनाइज्ड रॉड हवेत, स्लॅबमध्ये धातूचे अँकर फास्टनर हवेत. स्क्रूसाठी भोकात ठोकतात ती प्लास्टिकची गिट्टी मुळीच नको, कारण ती ओढीला हळूहळू निसटते आणि आगीत वितळते. बसवलेल्या फास्टनरपैकी काही यंत्राने ओढून तपासायचे आणि त्याची नोंद ठेवायची. एक टांगणी सुटली तरी शेजारच्या टांगण्यांनी वजन पेललं पाहिजे, अशा हिशेबाने त्यांची संख्या ठरवतात.

चढवण्याआधी सभागृहभर पहाड, म्हणजे उभं राहून काम करायची परात, बांधावा लागतो. नाट्यगृहाची जमीन उतरती, त्यामुळे पहाडाच्या प्रत्येक ओळीची उंची वेगळी. मग टोटल स्टेशन हे मोजणीचं यंत्र लावून प्रत्येक तुकड्याच्या कोपऱ्याचा बिंदू वर ठरवायचा. वळणदार कामात ओळंबा आणि दोरा पुरत नाही, कारण सरळ रेषाच कुठे नसते. इमारत कागदावरच्या मापाची कधीच नसते, म्हणून साचे कापण्याआधी लेझर स्कॅनने खरी मापं घ्यावीत. मध्यरेषेवरून सुरुवात करून दोन्हीकडे सरकत गेलं की चूक दोन्ही बाजूंना वाटली जाते. प्रत्येक सांध्यावर दोन मिलिमीटर वाढले तर वीस तुकड्यांनंतर चाळीस मिलिमीटर होतात. जाणते कारागीर भिंतीलगतचे शेवटचे तुकडे मुद्दाम मागे ठेवतात आणि जागेवरचं माप घेऊन मगच काढतात.

छत भिंतीला कुठेही घट्ट चिकटवायचं नाही. कडेला वीस-पंचवीस मिलिमीटर फट सोडून ती झाकायची, आणि मोठ्या छतात दर दहा-पंधरा मीटरवर हलता सांधा ठेवायचा. पत्रा उन्हाने प्रसरण पावतो, कैच्या किंचित हलतात. शिवाय ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप या भागात कोणी विसरलेलं नाही. नुसत्या उभ्या रॉडवर लटकलेलं १२ टनांचं कवच अशा वेळी झोके घेतं आणि भिंतीवर आपटतं. तिरपे ताण देऊन ते आवरावं लागतं.

दोन तुकड्यांचा सांधा आधी मागून भरायचा: प्लास्टरमध्ये भिजवलेल्या काचतंतूंच्या पट्ट्या पाठीवर थापून. पुढून फक्त बारीक चीर बुजवायची, जाळी लावायची आणि घासायची. घासताना एक हॅलोजन छताला समांतर धरून बघावं. समोरच्या उजेडात गुळगुळीत वाटणारं काम आडव्या उजेडात मिलिमीटरभर खाचही दाखवतं, आणि छुप्या दिव्यांच्या पट्ट्या तर छतावर नेमका तसाच आडवा उजेड टाकतात. हे काम रंगाच्या आधी करायचं. रंगानंतर कोणी मागे फिरत नाही.

ठेकेदार गेल्यावर

जिप्सम पाण्यात थोडंसं विरघळतं, लिटरला दोन ग्रॅमच्या आसपास. म्हणजे एकदा भिजून वाळलं तर चालतं, पण त्याच जागी दर पावसाळ्यात थेंब पडत राहिला तर प्लास्टर झिजत जातं आणि टांगणी सैल होते. छतावर पिवळट वलय दिसलं की रंगारी बोलावण्याची घाई करू नये. आधी वर चढून गळती शोधावी, मग त्या जागच्या टांगण्या बघाव्यात. डागावर सिमेंटची पुट्टी थापणं त्याहून वाईट. ओलीत सिमेंट आणि जिप्सम एकत्र आले की फुगणारे स्फटिक होतात आणि थर उचलला जातो.

वर चढायला वाट हवी, हे आराखड्यातच असावं लागतं. पाठीवरून जाणारी लोखंडी पायवाट छताला नाही, कैच्यांना स्वतंत्र टांगायची. दिवे, स्पीकर, एसीच्या नळ्या याही स्वतंत्र. इलेक्ट्रिशियनने प्लास्टरवर पाय ठेवला की तडा ठरलेला, आणि बऱ्याच सभागृहांत तडे पडतात ते अशा पावलांनी. नंतर कुणीतरी नाटकासाठी आणखी चार दिवे छताच्या चॅनलला अडकवतं, पुढच्या वर्षी प्रोजेक्टर येतो. म्हणून कुठे काय टांगलंय आणि किती किलोचं, याची वही सभागृहाच्या व्यवस्थापकाकडे असावी आणि पावसाळ्यानंतर दर वर्षी पाठ तपासून तीत सही व्हावी.

निविदेत एक कलम तर हमखास राहून जातं. साचे, किंवा निदान त्यांच्या संगणकातल्या फाइली आणि प्रत्येक तुकड्याचा क्रमांक दाखवणारा नकाशा, काम संपताना इमारतीच्या मालकाच्या, म्हणजे महापालिकेच्या किंवा संस्थेच्या, ताब्यात यायला हवा. नाहीतर वीस वर्षांनी एक तुकडा फुटला तर तो आकार कुणाकडेच नसतो आणि जागेवर हाताने काहीतरी जुळवून घ्यावं लागतं. फाइल असेल तर उद्यमनगरातलाच एखादा सीएनसीवाला चार दिवसांत साचा कापून देईल, आणि नवा तुकडा जुन्याच्याच बोल्टच्या भोकांत बसेल.